ड्रोन आहे, बॅकअप नाही

मागचे दोन वीकेंड काहीच लिहिणं झालं नाही. एका शनिवारी रिलीज होती, आणि त्यानंतरच्या रविवारी नगरला लग्न. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण घरून फोन आला की "नगरला कधी येतोस" असंच विचारतात, तर मीही तसंच लिहिणार.) लग्न मनमाड रोडवरच्या एका लॉन्सवर होतं. दोन ड्रोन, एक क्रेन, स्टेजच्या दोन्ही बाजूंना एलईडी वॉल, आणि कॅमेरे घेऊन फिरणारी सात माणसं. सात! मंगलाष्टकांच्या वेळी नवरा-नवरी दिसतच नव्हते, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी अक्षता फोटोग्राफरच्या पाठीवर टाकल्या.

पंगतीत त्यांच्यातला एक पोरगा शेजारी बसला होता. चांगला बोलका होता. सहज विचारलं, भरलेली कार्डं कुठे ठेवता? त्याने पॅंटच्या खिशावर थाप मारली. "हितंच. सेफ आहेत." खिशातून पाण्याच्या बाटलीचं बूच, गायछापची पुडी आणि तीन एसडी कार्डं निघाली.

मला पुढचा गुलाबजाम गेला नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय? तर एवढं काय तेच सांगतो.

मे २०२३ मध्ये माझ्या चुलत भावाचं लग्न झालं. गाव शेवगाव तालुक्यात. आजी तेव्हा चौऱ्याऐंशीची. गुडघे गेलेले, त्यामुळे ती कार्यालयात येणार नव्हती हे आधीच ठरलेलं. तिच्यासाठी म्हणून हळद आणि मांडवाचे सगळे विधी घरी, अंगणात केले. हिरवं इरकली लुगडं नेसून ती खाटेवर बसली होती आणि दादाला हळद लावताना तिचा हात थरथरत होता, हे मला लख्ख आठवतंय. आठवतंयच फक्त. कारण फोटो नाही.

झालं असं, की मुख्य कॅमेरावाला सकाळीच नवरीकडे गेला. घरी आला तो त्याचा हेल्पर, एका जुन्या कॅमेऱ्यासकट. त्याने हळदीचे पाच-सहाशे फोटो काढले. ते कार्ड संध्याकाळी बॅगेत गेलं. दुसऱ्या दिवशी नेवाशाला दुसरं लग्न, रात्री दोनला झोपून पहाटे पाचला निघालेला तो पोरगा, आणि कार्डं कमी पडलेली. त्याने बॅगेतलं एक उचललं, कॅमेऱ्यात टाकलं, फॉरमॅट मारलं आणि दिवसभर त्यावर शूट केलं. आम्हाला कळलं सव्वादोन महिन्यांनी, अल्बमच्या सिलेक्शनला बसलो तेव्हा. "हळदीचे नाहीत का?" "आहेत ना, दुसऱ्या डिस्कवर असतील." दुसऱ्या डिस्कवर नव्हते. तिसरी डिस्क नव्हतीच.

मी इंजिनिअर, मग मी ते कार्ड मागून घेतलं आणि पुण्याला येऊन रिकव्हरीला बसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कार्ड फॉरमॅट केलं म्हणजे फोटो लगेच पुसले जात नाहीत, बहुतेक वेळा नुसती अनुक्रमणिका पुसली जाते. त्याच क्षणी थांबलं तर फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरनेही बरंच काही परत मिळतं. पण त्यावर नवीन शूट केलं की जुन्या डेटाच्या जागेवर नवा डेटा बसतो. इथे तर दोन महिन्यांत त्याच कार्डावर आणखी किती लग्नं झाली होती देव जाणे. मला एकूण एकसष्ट फायली मिळाल्या, बहुतेक फुटक्या. जेपेग फाईल वरून खाली उलगडत जाते, त्यामुळे अर्धी फाईल मिळाली तर वरचा भाग दिसतो आणि खाली सपाट करडा रंग. एका फायलीत आजीचा पदर, कपाळ आणि कुंकू आहे. भुवयांच्या खाली करडं.

त्याच वर्षी दिवाळीत आजी गेली. दहाव्याला हार घालायला फोटो हवा होता, तेव्हा आधार कार्डावरचा मोठा करून आणला.

"मग फोनवर कुणी काढले नाहीत?" हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारलाय. काढले, दोन. दोन्हीत आजीची पाठ. फोटोवाला आहे ना, म्हणून आम्ही सगळे निवांत होतो.

आता मी त्या हेल्पर पोराला दोष देत नाही. तो दोन रात्री झोपलेला नव्हता. आमच्या धंद्यात अशा वेळी पोस्टमॉर्टेम करतात आणि त्याचा नियम असा, की माणूस शोधायचा नाही, भोक शोधायचं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, चुकीच्या सर्व्हरवर, चालू डेटाबेस उडवला. साधारण तीनशे जीबी. मग बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. वाचले ते योगायोगाने आधी काढून ठेवलेल्या एका कॉपीमुळे, तरी सहा तासांचं काम गेलंच. पण त्यांनी त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केला नाही. काय काय तुटलं होतं ते सगळं जगासमोर लिहून टाकलं.

तर भोक शोधूया. त्या स्टुडिओकडे ड्रोन होता. गिंबल होते. मुख्य कॅमेऱ्याला दोन कार्डांचे स्लॉट होते. एकाच वेळी दोन कार्डांवर तोच फोटो लिहिण्याची सोय चांगल्या कॅमेऱ्यांत गेली कित्येक वर्षं आहे. कॅननच्या फाईव्ह-डी मार्क थ्रीमध्ये २०१२ पासून, सोनीच्या ए-सेव्हन थ्रीमध्ये २०१८ पासून. मी मालकाला विचारलं, दुसऱ्या स्लॉटमध्ये काय असतं? "मोकळा असतो. कार्डं कुठे तेवढी?" ड्रोनला लाखभर रुपये आहेत, कार्डाला दोन हजार नाहीत. हेच ते भोक.

आणि ही एका स्टुडिओची गोष्ट नाहीये. त्यानंतर मला नादच लागला. ज्या लग्नाला जातो तिथे विचारतो. नगर, राहुरी, श्रीरामपूर, पाथर्डी, एकदा तर संगमनेरला थेट नवरीच्या मामाला. ऐकलेली उत्तरं: "सगळं लॅपटॉपवर आहे." "डेटा पार्टीने घेऊन जायचा, आम्ही महिनाभर ठेवतो." "पेनड्राईव्ह आणा." "आजपर्यंत कधी काही झालं नाही." शेवटचं वाक्य मी ऑफिसातही ऐकलंय, आणि ज्या शुक्रवारी ऐकलं त्याच शुक्रवारी रात्री दोनपर्यंत थांबलोय.

जरा हिशोब करू. आजचं मध्यम लग्न म्हणजे दोन कॅमेऱ्यांचे मिळून तीन हजार फोटो. रॉ काढले तर एकेक पंचवीस एमबीच्या आसपास, म्हणजे पंचाहत्तर जीबी. फोरके व्हिडिओ शंभर एमबीपीएसने घेतला तर तासाला पंचेचाळीस जीबी, चार तासांचे एकशेऐंशी. ड्रोनचे पंधरा धरा. झाले दोनशेसत्तर जीबी, एका लग्नाचे. सीझनला चाळीस लग्नं घेतली तर अकरा टीबी, आणि प्रत्येकाची दुसरी कॉपी ठेवायची तर बावीस. आमच्याकडचे निम्मे स्टुडिओ फक्त जेपेग काढतात, त्यांचा आकडा बराच खाली येईल. तरीसुद्धा हे काम "लॅपटॉपवर आहे" या वाक्यात मावत नाही. हार्ड डिस्क ही मरणारी वस्तू आहे. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्या लाखो डिस्कांचे आकडे जाहीर करते. वर्षाला शंभरातल्या एक-दीड डिस्का जातात, आणि त्या एसी खोलीत, न हलवता ठेवलेल्या. आपल्या डिस्का टीव्हीएसच्या डिक्कीत, मे महिन्यात, पाथर्डी रोडच्या खड्ड्यांतून प्रवास करतात.

कॉपी करायला वेळ कुठे असतो, हे दुसरं रडगाणं. यात थोडं तथ्य आहे. दाट तिथी असली की एका स्टुडिओची एका दिवशी तीन-तीन ठिकाणी माणसं असतात. पण बहुतेकांच्या दुकानात मी जो कार्ड रीडर पाहिला तो जुना, यूएसबी टू वाला. त्यावर सेकंदाला तीस एमबी मिळाले तर नशीब. म्हणजे चौसष्ट जीबीच्या कार्डाला छत्तीस मिनिटं. चांगल्या रीडरवर आणि नव्वद एमबीच्या कार्डावर तेच काम बारा मिनिटांत होतं. दोन पंगती उठेपर्यंत सगळी कार्डं एकदा उतरवून होतील.

आता नावांबद्दल. हे थोडं विषयांतर आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर मी डोळ्यांनी पाहिलेले फोल्डर: "न्यू फोल्डर (४)", "शेवगाव लग्न", "शेवगाव लग्न नवीन", "फायनल", "फायनल अल्बम खरा". शेवगावात वर्षाला एकच लग्न होतं असा त्यांचा समज असावा. शिवाय एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले की दोन्ही डीएससी ०४३७ नावाची फाईल बनवतात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ओतल्या की कॉम्प्युटर विचारतो, रिप्लेस करू? आणि रात्री दोन वाजता माणूस म्हणतो, कर बाबा. तेवढे फोटो गेले, कुणी फॉरमॅटही न मारता. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या तरी पुढे गंमत आहेच. आमच्या घरून तात्यांनी सिलेक्शनचे नंबर वहीच्या पानावर लिहून पाठवले. छापून आलेल्या करिझ्मा अल्बममध्ये, बारा बाय छत्तीसच्या अख्ख्या पानावर, सप्तपदीच्या जागी आमचे एक लांबचे मामा जिलेबी खाताना आहेत. नंबर बरोबर होता, कॅमेरा दुसरा होता.

यावर उपाय फुकट आहे. तारीख आधी लिहायची, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग गाव, मग आडनावं, मग कॅमेऱ्याचं अक्षर, मग नंबर. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. आणि सकाळी पहिला फोटो काढायचा तो सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच मोबाईलच्या घड्याळाचा. मग घड्याळात फरक असला तरी नंतर लाइटरूममध्ये तेवढ्या मिनिटांनी सगळे सरकवता येतात. नाहीतर अल्बममध्ये कन्यादान आधी आणि सीमांतपूजन नंतर.

रोलच्या काळात हे प्रश्न नव्हते असं कुणी म्हणालं की मला राग येतो, पण एका बाबतीत ते खरं आहे. माझ्या आई-बाबांचं लग्न १९९४ चं. चार रोल, छत्तीसचा एक, म्हणजे एकशे चव्वेचाळीस फोटो. अल्बमची पानं चिकटलीत, कॅसेटला बुरशी आली, पण रोल धुतला की निगेटिव्ह ही एक वस्तू हातात येत होती. ती पाकिटात जायची, पाकिटावर नंबर पडायचा. निगेटिव्हवर चुकून दुसरं लग्न शूट करता येत नव्हतं. डिजिटलमध्ये काढणं फुकट झालं आणि पुसणंही फुकट झालं, पण धंदा फक्त पहिलं फुकट शिकला.

बरं, हा डेटा आहे कुणाचा? स्टुडिओवाले बाकी राहिलेल्या पाच हजारांसाठी तो अडवून ठेवतात आणि आपण "द्या हो भाऊ" करत फिरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तुम्ही. म्हणजे तुमच्या लग्नाचे फोटो दुकानाच्या बोर्डवर आणि इन्स्टावर टाकण्याआधी त्याने तुम्हाला विचारायला हवं. पण बिलाच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते बघा, तिथे वेगळा करार असू शकतो. आणि मालकी तुमची असली तरी फाईल कुणी किती दिवस, कुठे, किती कॉपीत ठेवायची हे तो कायदा सांगत नाही. ते बिलावर लिहून घ्यावं लागतं, आणि कुणीही घेत नाही.

आणि इथे माझा मोहरा वळतो तुमच्याकडे. आपल्याकडे.

आमच्या तात्यांनी पंच्याऐंशी हजारांचं पॅकेज पासष्टला आणलं. वर ड्रोन फुकटात मागितला. मी शेजारी बसलो होतो. दिवसा लोकांना डिझास्टर रिकव्हरीची स्लाइड दाखवणारा मी, त्या सोफ्यावर बसून चहा पीत होतो आणि "कार्डं किती? कॉपी किती?" हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. प्री-वेडिंग कुठे करायचं यावर मात्र अर्धा तास चर्चा. भंडारदरा लांब पडतो म्हणून चांदबिबी महाल ठरला. तो महाल नाही, निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे, हेही मी तेव्हा बोललो नाही. वीस हजार कापून घेतल्यावर तो माणूस कुठून भरून काढणार? जे आपल्याला दिसत नाही तिथूनच ना? ड्रोन दिसतो, दुसरं कार्ड दिसत नाही. आपण दिसणाऱ्याचे पैसे देतो, म्हणून तो दिसणारं विकत घेतो.

आणि आपल्या घरात काय आहे? ताईचं लग्न झालं त्याची डिस्क कपाटात, साडीच्या खोक्यात आहे. मागच्या महिन्यात हे लिहायचं म्हणून लावून पाहिली. लागली, नशीब. पण त्याआधी ती कधी लावली होती, घरात कुणालाच आठवेना. बाकी सगळं व्हॉट्सअॅपवरचं, दोन-दोनशे केबीचं पीठ. गुगल फोटोजचं फुकट अमर्याद प्रकरण तर १ जून २०२१ लाच संपलं. त्यानंतर "स्टोरेज फुल"च्या पाट्या झटकत आपण सगळे बसलोय.

तर नुसतं बोंबलण्यापेक्षा काही करावं म्हणून गेल्या सीझनला एक प्रयोग केला. शाळेतला एक मित्र नगरलाच स्टुडिओ चालवतो. पाच-सहा रविवार त्याच्याकडे जाऊन बसलो. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला तीन-दोन-एकचा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. मित्र म्हणाला, "तुझ्या कंपनीत चालेल, इथे माझ्याकडे संध्याकाळी लाईट जाते." ठीक. मग त्याला परवडेल असं केलं. दोन स्लॉट असतील तिथे दोन कार्डं. भरलेलं कार्ड लाल पाकिटात, आणि लाल पाकीट मालकाच्या गळ्यातल्या बॅगेत, हेल्परच्या खिशात नाही. कार्यालयातच पंगतीच्या वेळेला एसएसडीवर एक कॉपी, टेराकॉपीने, पडताळणी चालू ठेवून. दुकानात आल्यावर मोठ्या डिस्कवर दुसरी. फॉरमॅट फक्त मालक मारणार, आणि दोन कॉपी उघडून बघितल्याशिवाय नाही. एसएसडी रात्री त्याच्या घरी जाते. घर आणि दुकान यात तीन किलोमीटर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा दुकानातल्या कपाटात ठेवलेली दुसरी कॉपी कुणाच्या कामाची होती?

सगळ्यात भारी कल्पना त्याच्या बायकोची. शेवटी फोटो देताना एक नाही, दोन डिस्का द्यायच्या. एक वराकडे, एक वधूकडे. एक राहुरीला, एक कर्जतला. दोन गावं, दोन कपाटं, आणि दोन्हीकडे जपणारी एक तरी बाई. आम्ही लाखो रुपये भरून वेगळ्या शहरातलं डेटा सेंटर घेतो, तिने सासर-माहेर वापरलं. :-)

याचे त्याने बिलात वेगळे अडीच हजार लावले, "डेटा जतन" म्हणून. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "हे कशाचे? हे काढा, आणि त्यात ड्रोन बसवा." मित्राने काढले. दुसऱ्यानेही काढायला लावले. तिसरीकडे त्याने आजीची ती अर्धी फाईल दाखवली (मला विचारून), तेव्हा नवरीच्या बापाने काही न बोलता पैसे ठेवले. सगळे मिळून निम्म्या लोकांनी दिले असतील. उरलेल्यांचा डेटाही तो तसाच जपतोय, कारण म्हणतो, आता सवय लागली, आणि रात्री झोप लागते.

"छोट्या स्टुडिओला हे जमत नाही" असं मला कुणी आता सांगू नये. कंत्राटी पोराला तीन तास झोप देऊन पहाटे दुसऱ्या गावाला पाठवणं जमतं, तर लाल पाकीट जमेल. आणि ज्याला दिवसाला तीन लग्नं घेऊन एकाचीही खात्री देता येत नाही, त्याने दोन घ्यावीत. यात धंद्याचं नुकसान आहे, मान्य. पण आजी तिसऱ्या लग्नाची होती की पहिल्या, हे आधी कुणाला कळतं?

पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे, श्रीगोंद्याला. फोटोवाल्याशी बोलणी करायला मावशीने या वेळी मला पाठवलं. मी पाच प्रश्न कागदावर लिहून नेले होते. कार्डं किती, स्लॉट किती, पहिली कॉपी किती वाजता, दुसरी कुठे, आणि फॉरमॅट कोण मारतो. त्याने तिसऱ्यापर्यंत हसत उत्तरं दिली, चौथ्याला खुर्ची पुढे ओढली. शेवटी म्हणाला, "साहेब, एवढं कुणी विचारत नाही हो." मग म्हणाला, दुसरं कार्ड टाकतो, पण ड्रोनचं पाच हजार वेगळं पडेल. मी म्हटलं, ड्रोन नको.

घरी येऊन हे सांगितलं तर मावशी दोन दिवस बोलत नव्हती. नवऱ्याकडच्यांना ड्रोन पाहिजे आहे म्हणे. काल परत फोन आला, शेवटी दोन्ही घ्यायचं ठरलंय.